एका देखण्या मूळ संख्येचे परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, तसे एखाद्या संख्येचे का होऊ नये? शिरूर तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एका तक्त्यासमोर उभे होतो, तेव्हा हा विचार मनात आला. तक्ता सुबक होता. मधोमध लाल शाईने एक संख्या लिहिली होती:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

एकपासून दहापर्यंत चढायचे आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचे. खाली ‘या महाकाय मूळ संख्येचे गुणधर्म’ असे शीर्षक आणि पाच वाक्ये होती. १) ही संख्या मूळ आहे. २) ती उलटीकडून वाचली तरी तीच राहते. ३) ती कापरेकरांच्या डेम्लो संख्यांच्या मालिकेतील पुढची संख्या आहे. ४) बँकांचे व्यवहार अशा संख्यांमुळे सुरक्षित राहतात. ५) हा निसर्गाचा चमत्कार आहे.

आम्ही तक्ता वाचत असताना आठवीतील एका मुलीने शिक्षकांना विचारले, “सर, ही मूळ आहे हे कुणी भागून बघितलं?” सर म्हणाले, “संगणकानं.” मुलगी गप्प झाली. सरांचे उत्तर खोटे नव्हते. पण त्या उत्तराने प्रश्न मिटला, सुटला नाही. हे परीक्षण त्या मुलीच्या प्रश्नासाठी आहे. तक्ता करणाऱ्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. असे तक्ते आम्हीही विद्यार्थिदशेत केले आहेत.

सोपे आधी घेऊ. दुसरे वाक्य चूक आहे. संख्या शेवटून लिहून पाहा: १२३४५६७८९०१९८७६५४३२१. मधल्या ‘१०’चे ‘०१’ झाले. डोळ्याला डौल दिसला आणि हाताने पडताळा घेतला नाही, एवढेच घडले. एक मिनिटाचे काम होते. ते झाले नाही, याची नोंद करून पुढे जाऊ.

तिसरे वाक्य अधिक रंजक आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळाशिक्षक. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव जगभर गेले. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर एका संख्याप्रकाराची कल्पना त्यांना सुचली, त्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, जुने नाव त्यांनी त्या संख्यांना दिले. त्या डेम्लो संख्या. त्यांतील सर्वांत देखण्या अशा:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. हे का घडते? उभा गुणाकार मांडून पाहा. एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात. उभ्या रकान्यांतील एकांची बेरीज १, २, ३ अशी वाढते आणि पुन्हा उतरते. बेरीज नऊच्या वर जात नाही तोवर हातचा येत नाही, म्हणून रकान्यांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तरात दिसतात.

आता दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला! ही एकोणीस अंकी संख्या झाली. तक्त्यावरची संख्या वीस अंकी आहे. ती गुणाकारातून आलेली नाही, अंक एकापुढे एक लिहून जोडलेली आहे. म्हणजे ती डेम्लो मालिकेतील पुढची संख्या नव्हे. मालिका जिथे तुटते, तिथे डोळ्याच्या समाधानासाठी ठोकलेली ती फळी आहे.

यातून एक गोष्ट हाती लागते, जी तक्त्यावर यायला हवी होती. १२१, १२३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंतच्या सर्व संख्या वर्गसंख्या आहेत. म्हणून त्यांतील एकही मूळ असू शकत नाही. या आकाराची संख्या मूळ होण्याची पहिली संधीच मुळी दहाला येते, कारण तिथे लेखन आणि गुणाकार यांची फारकत होते. आणि पहिल्याच संधीला ती मूळ निघते. गंमत आहे ती इथे.

मग पाचवे वाक्य, चमत्काराचे, खरे मानायचे का? हिशेब करू. एक ते शंभरमध्ये २५ मूळ संख्या आहेत, म्हणजे चारांत एक. पुढे त्या विरळ होत जातात. किती विरळ, हे मूळ संख्यांचे प्रमेय सांगते. गाउसने तरुणपणी त्याचा अंदाज बांधला आणि १८९६ साली हादामार व द ला व्हाले पूसँ यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यानुसार आपल्या संख्येच्या आसपास सरासरी ४४ संख्यांत एक मूळ संख्या सापडते.

पण आपली संख्या विषम आहे, तिचा शेवटचा अंक ५ नाही. अंकांची बेरीज ९१ आहे, म्हणून ३ ने भाग जात नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२, ३४५, ६७८, ९१०, ९८७, ६५४, ३२१. एकाआड एक गटांच्या बेरजा १९९८ आणि १९०९ येतात, फरक ८९. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ असल्यामुळे या एका फरकावरून तिन्ही भाजकांचा निकाल लागतो: ८९ ला ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही, म्हणून मूळ संख्येलाही जात नाही. फळ्यावर पाच मिनिटांत एवढे करून झाल्यावर उरलेल्या उमेदवारांत मूळ संख्येचे प्रमाण सुमारे आठ-नवांत एक असते. फासा टाकून सहा पडण्याची शक्यता सहात एक. त्याहून थोडी कमी शक्यता असलेली गोष्ट घडली. आनंद मानावा, पण चमत्कार म्हणू नये.

चौथे वाक्य बँकांचे. ते आज सर्वत्र ऐकू येते, म्हणून थोडे थांबू. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी शोधलेल्या आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड केला जातो आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवल्या जातात. २०४८ बिटांच्या प्रचलित आकारात त्या प्रत्येकी सुमारे तीनशे अंकांच्या असतात. वीस अंकी संख्या त्या कामाला फार लहान. शिवाय जी संख्या तक्त्यावर लाल शाईने लिहिता येते, ती कुलपाची किल्ली कशी होईल? तिथे यादृच्छिक आणि कुणालाही माहीत नसलेली संख्या लागते. याच न्यायाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या (२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १) ‘बँकांना उपयोगी’ म्हणून बातमीत आली तर त्या वाक्यावर काट मारावी. तिचे मोल वेगळे आहे. द्विमान पद्धतीत ती १३,६२,७९,८४१ वेळा लिहिलेला नुसता ‘१’ आहे. पण हे रूप केवळ शोभेचे नाही. संख्या २ च्या घातापेक्षा एकने कमी असल्यामुळेच ल्युका आणि लेमर यांची खास कसोटी तिला लावता येते, म्हणून तर इतकी प्रचंड संख्या तपासता आली. इथे रूपाला काम आहे. आपल्या तक्त्यावरील संख्येच्या रूपाला तसे काम नाही.

राहिले पहिले वाक्य, आणि मुलीचा प्रश्न. भागून बघायचे तर वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागावे लागेल. या संख्येचे वर्गमूळ सुमारे ३५१ कोटी. तिथवर मूळ संख्या आहेत सुमारे १७ कोटी. सेकंदाला एक भागाकार, रात्रंदिवस, तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. संगणक हे काम सहज करतो. पण अधिक चांगला मार्ग आहे.

फर्माने १६४० मध्ये सांगितलेले तत्त्व असे: प ही मूळ संख्या असेल तर २ च्या प व्या घाताला प ने भागल्यावर बाकी २ च उरते (प म्हणजे २ असल्यास बाकी अर्थात शून्य). बाकी वेगळी आली तर संख्या नक्की संयुक्त, एकही अवयव न शोधता! मात्र उलट खरे नाही. ३४१ ही संख्या ही परीक्षा पास होते, पण ३४१ = ११ × ३१. म्हणून ही परीक्षा कडक करून वेगवेगळ्या पायांवर घेतात. २ पासून ३७ पर्यंतच्या पहिल्या बारा मूळ संख्या पाया घेऊन केलेल्या कडक कसोटीतून वीस अंकांपर्यंतची एकही संयुक्त संख्या निसटत नाही, हे सिद्ध झालेले आहे. आपली संख्या द्विमान पद्धतीत ६४ अंकी आहे. म्हणून प्रत्येक परीक्षेत साठ-त्रेसष्ट वेळा वर्ग करून बाकी काढावी लागते. बारा परीक्षांचे मिळून साडेसातशेच्या आसपास वर्ग. १७ कोटी भागाकारांच्या जागी साडेसातशे वर्ग! आणि कितीही मोठ्या संख्येसाठी, कोणतेही न सिद्ध झालेले गृहीत न धरता, वाजवी वेळात निकाल देणारी पद्धत असू शकते का, या जुन्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले ते कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, २००२ साली.

तेव्हा सरांचे उत्तर असे पूर्ण होते: “कुणीही सगळं भागून बघायची गरज नाही. भागल्याशिवाय कळण्याची युक्ती आहे, आणि ती युक्ती बरोबर का, हे तुला पुढे शिकता येईल.” या दोन वाक्यांत मुलीसाठी दार उघडे राहते. ‘संगणकानं’ या एका शब्दात ते बंद होते.

यानंतर काही दिवसांनी दौंडला शिक्षकांसमोर बोलायचे होते. अंकांच्या गमती किती सहज तयार होतात हे दाखवावे म्हणून आम्ही दोन्ही गावांचे पिन कोड घेतले: शिरूर ४१२२१०, दौंड ४१३८०१. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. त्यामागची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पत्रांच्या वर्गवारीसाठी दिलेली ती खूण आहे, अंकगणितासाठी नव्हे.

आता पाहा. कापरेकरांनी एक क्रिया सांगितली: संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २४ मिळतो, म्हणून २१ हा २४ चा जनक. ज्या संख्येला जनकच नाही, तिला ते ‘स्वयंभू’ म्हणत. ज्या संख्येला एकापेक्षा अधिक जनक आहेत, तिला ‘जंक्शन’. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. दौंडच्या ४१३८०१ चा जनक शोधा, सापडणार नाही. दौंड स्वयंभू! शिरूरच्या ४१२२१० मधून शेवटचा शून्य काढा, उरते ४१२२१, आणि ही संख्या मूळ आहे. तिला जनक दोन आहेत, ४११९८ आणि ४१२०७. म्हणजे रेल्वे जंक्शन दौंडला, आणि जंक्शन संख्या मात्र शिरूरकडे! सभागृहात हशा पिकला. एका शिक्षकांनी लगेच वहीत टिपून घेतले.

आम्ही विचारले, “यातून दौंडबद्दल काय कळलं?” थोडी शांतता झाली. काहीच कळले नव्हते. दहा संख्यांत साधारण एक स्वयंभू असते. कोणत्याही गावाचा कोड घ्या, अर्धा तास खटपट करा, काहीतरी सापडतेच. आणि अंकांची बेरीज ही दशमान लेखनावर अवलंबून आहे. आपल्याला आठ बोटे असती तर वेगळ्याच संख्या स्वयंभू ठरल्या असत्या.

इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात नेमकी अशाच गमतींवर टीका केली आहे. आपल्या उलट्या संख्येची पूर्ण पट असलेल्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ (२१७८ ची चौपट) आणि ९८०१ (१०८९ ची नऊपट). हे खरे, पण त्यातून पुढे काही निघत नाही, म्हणून गणितज्ञाला त्यात गोडी नाही, असे त्यांचे मत. त्यांनी त्यासमोर ठेवली ती युक्लिडची सिद्धता: मूळ संख्या अनंत आहेत. हार्डींचा निकष आम्हाला मान्य आहे, आणि तो वर्गात वापरण्यासारखा आहे. एखादा गुणधर्म सांगितला की विचारावे, लेखनाची पद्धत बदलली तरी तो टिकतो का?

४१२२१ मूळ आहे, हे टिकते. ४१२२१ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे, आणि ती एकाच प्रकारे. फर्माने हे सांगितले, ऑयलरने सिद्ध केले. शोधले तर मिळते: १७० × १७० + १११ × १११, म्हणजे २८९०० + १२३२१. दुसरी संख्या डेम्लो निघाली, ही गंमत; पण अशी जोडी असणारच होती, हे प्रमेय. दोहोंतील फरक मुलांना कळला की गणित कळू लागले. तक्त्यावरील वीस अंकी संख्येचे शेवटचे दोन अंक २१, म्हणून तिलाही ४ ने भागल्यास बाकी १ उरते. तीही दोन वर्गांची बेरीज आहे आणि एकाच प्रकारे आहे. हा तिचा खरा गुणधर्म. तक्त्यावर तो नव्हता.

मात्र हार्डींशी आमचा एक मतभेद आहे. अंकांच्या खेळाला ते सरसकट बाहेर ठेवतात. १२३२१ कडे पुन्हा पाहा. (क्ष² + क्ष + १) चा वर्ग म्हणजे क्ष⁴ + २क्ष³ + ३क्ष² + २क्ष + १. क्षच्या जागी १० घाला, १२३२१ मिळते. क्ष ८ असो वा १२, सहगुणक तेच राहतात. म्हणजे कापरेकरांच्या देखण्या संख्यांमागे एक बैजिक नित्यसमानता आहे आणि ती कोणत्याही लेखनपद्धतीत टिकते; पाया बदलला तर फक्त हातचा कुठे येतो ते बदलते. ‘का?’ असे विचारले नसते तर हे कळले नसते, आणि गंमत दिसली नसती तर ‘का?’ असे विचारलेच नसते. कापरेकर शाळेत शिकवत होते, हार्डी केंब्रिजमध्ये. कोणती गमत पुढे नेते आणि कोणती तिथेच संपते, हे शाळेतल्या शिक्षकाला आधी ठाऊक नसते. त्याने दोन्ही वर्गात आणाव्यात, पण ‘का?’ हा प्रश्न सोडू नये.

शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी. गणितातही हाताने करण्यासारखे पुष्कळ आहे. दौंडमधील एका शाळेत आठवीच्या वर्गाला आम्ही ४१२२१ ही संख्या दिली. वर्गमूळ २०३ च्या जरा पुढे, म्हणून १९९ पर्यंतच्या ४६ मूळ संख्यांनी भागायचे. मुलांनी आपसात वाटून घेतल्या. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “सापडला! सत्तेचाळीसनं जातोय, आठशे सत्याहत्तर वेळा!” क्षणभर सगळ्यांची तोंडे पडली. शेजारच्या मुलीने त्याची वही ओढून घेतली. ४७ × ८७७ = ४१२१९. बाकी दोन उरत होती, ती त्याने सोडून दिली होती. चूक दुरुस्त झाली. उरलेल्या मुलांनी आपापल्या बाक्या वाचून दाखवल्या, एकही शून्य नव्हती. तासाची घंटा झाली, पण पोरे जागची हलेनात.

त्या वर्गात उद्या कुणी विचारले, “ही मूळ आहे हे कुणी भागून बघितलं?” तर चाळीसेक हात वर होतील. वीस अंकी संख्येपेक्षा पाच अंकी संख्या केवढी लहान! पण तिच्याबद्दलचे ज्ञान त्यांचे स्वतःचे आहे. मोठ्या संख्यांचे तक्ते जरूर लावावेत. त्यांच्या शेजारी एक लहान संख्या टांगावी, जी वर्गाने स्वतः तपासली आहे. आणि तक्त्याखाली गुणधर्मांच्या यादीआधी एक ओळ लिहावी: हे आपल्याला कसे कळले?